नांदेडचे सहा तास

विमान बदलताना आठ तास मिळाले, तेवढ्यात फ्रँकफुर्ट पाहून आलेले एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. त्या आठ तासांच्या वर्णनात आमचे कित्येक रविवार गेले! आमच्या वाट्याला आले ते नांदेड. दिल्लीहून सचखंड एक्स्प्रेसने उतरलो. आत्याचा नातू लातूरहून मोटार घेऊन येणार होता, पण सहा तासांनी. आत्या नव्वदीला टेकलेली.

गुरुद्वाऱ्यात डोक्याला रुमाल बांधून गेलो. 1708 साली गुरु गोविंदसिंगांनी नांदेडातच देह ठेवला. अग्निसंस्काराच्या जागेवर आतली खोली आहे, तिला अंगीठासाहिब म्हणतात. वरची इमारत महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधविली. लाहोरचा राजा आणि गोदाकाठी बांधकाम! लंगरच्या पंगतीत जन्मभर सोवळे पाळलेल्या आत्याने वरण दुसऱ्यांदा मागून घेतले. मी छायाचित्रे काढीत राहिलो. शेजाऱ्यांना दाखवायची होती ना!

नगीना घाटावर आत्याने पाय पाण्यात सोडले, रिकामी बाटली भरून घेतली आणि म्हणाली, "आमचं घर इतवाऱ्याकडे होतं."

रझाकारांच्या धामधुमीत, 1948 साली, परकरातली ही मुलगी रात्रीतून नांदेड सोडून गेली होती. मला हे ठाऊक होते, लक्षात नव्हते. तेवढ्यात नातवाचा फोन आला: गाडी लवकर पोहोचली.

"आत्या, पुढच्या खेपेला पाहू."

"बरं," ती म्हणाली, आणि लुगड्याने पाय पुसू लागली.

मी नातवाला तासभर थांबायला सांगितले. रिक्षाने इतवारा गाठला, तीन गल्ल्या फिरलो. वाडा नव्हता, आडही नव्हता. तिथे कापडाचे दुकान. आत्याने ओळखला तो फक्त रस्त्याचा उतार. "इथून घागर घेऊन घसरले होते मी." दुकानदाराने स्टूल दिले, पाणी दिले. तिने ते सगळे प्यायले.

लातूरच्या वाटेवर ती बोलत होती. गोदाकाठची मुलगी लातुरात पडली आणि पाणी मोजून वापरायला शिकली. 2016 साली मिरजेहून आगगाडीने पाणी आले, तेव्हा ती नातवाबरोबर गाडी पाहायला स्टेशनवर गेली होती.

"रडलीस का गं आजी तेव्हा?" नातवाने विचारले.

"नाही रे. डबे मोजत होते."

बाटली मात्र तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.