पी.पी. नंबर

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत माझ्या लहानपणी कुणाकडेच फोन नव्हता. नातेवाइकांना कोपऱ्यावरच्या वाण्याचा नंबर दिलेला, पुढे 'पी.पी.' लिहून. फोन आला की वाण्याचा पोऱ्या चाळीखाली उभा राहून तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून नाव पुकारायचा. पुढे घरी फोन आला, तरी नाशिकची मावशी बरीच वर्षं वाण्यालाच फोन करत राहिली. तिचा विश्वास तिथेच बसला होता.

माझं पोट नंतर ज्या कामावर भरलं, त्यात ही व्यवस्था जशीच्या तशी भेटली. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकत असताना लॅमिंग्टन रोडवरून नऊ पिनांचे दोन कनेक्टर आणले आणि घरी रात्री बसून सीरियल पोर्टची एक केबल सोल्डर केली. दोनची तार तिकडच्या तीनला, तीनची दोनला, पाच नंबरची ग्राउंड सरळ पाचला. राळेचा वास सकाळपर्यंत जाईना म्हणून आईने खिडक्या उघड्या टाकल्या. ती केबल अजून माझ्याकडे आहे.

सीरियल पोर्ट तेव्हाही जुनाच होता. आरएस-२३२ हे त्याचं मानक १९६० सालचं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: तार गप्प असते तेव्हाही रिकामी नसते, उणे व्होल्टेजवर थांबलेली असते. मल्टिमीटर लावला की कळतं, पलीकडचा बोलत नाही, पण आहे. लिनक्सचा जन्मही या पोर्टच्याच आसपास झाला. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने दोन टास्क लिहिले, एक 'ए' छापणारा, दुसरा 'बी'. मग त्यांतला एक मोडेमवरून आलेलं पडद्यावर दाखवू लागला आणि दुसरा कीबोर्डवरचं मोडेमकडे धाडू लागला. डिस्क आणि फाइल सिस्टिम त्यानंतरच्या.

यंत्र सुरू होताना बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मेमरीत आणून सोडतो, त्या क्षणी कर्नलपाशी जवळजवळ काही नसतं. मेमरीचा हिशेब लागलेला नसतो, इंटरप्ट बंद असतात, ग्राफिक्स कार्डाची ओळख व्हायची असते. सीरियल पोर्टला यातलं काहीच लागत नाही. पीसीवर पहिल्या पोर्टचा पत्ता थ्री-एफ-एट. १९८१ च्या आयबीएम पीसीत त्यासाठी ८२५० ही चिप होती, पुढे सोळा बाइटांच्या फिफोची १६५५० आली, आणि तिचीच रजिस्टरं आजच्या कितीतरी प्रोसेसरांत आहेत. घड्याळ १८,४३,२०० हर्ट्झचं; सोळाने भागा, १,१५,२०० येतात. वेग ९६०० हवा तर भाजक १२. लाइन कंट्रोल रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट चढवायचा, भाजक लिहायचा, बिट उतरवायचा. मग आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. इतकं केलं की कर्नलला कंठ फुटला. पुढे स्टेटस रजिस्टरवर नजर लावून बसायचं. जागा रिकामी झाली की पुढचं अक्षर टाकायचं. याला पोलिंग म्हणतात. वर्गात त्याला सगळे नाकं मुरडत, प्रोसेसर ताटकळत बसतो म्हणून. मला मात्र ते ताटकळणंच खात्रीचं वाटतं.

लिनक्समध्ये या पहिल्या, तात्पुरत्या कन्सोलला अर्लीकॉन म्हणतात. तो म्हणजे वाण्याचा फोन. खरा ड्रायव्हर आला की कर्नल 'बूटकन्सोल डिसेबल्ड' असं छापून त्याला निरोप देतो. मधली अदलाबदल नीट झाली नाही, तर एकच ओळ दोनदा येते. अर्लीकॉन मागितलाच नसेल, तर संदेश मेमरीत साठत राहतात आणि खरा कन्सोल आल्यावर पहिल्या ओळीपासून बाहेर पडतात. पण कर्नल त्याआधीच कोसळला तर? तर ते सगळं बोलणं मेमरीतच राहतं.

नोकरीत माझ्याकडे असेच कोसळणारे, नवेकोरे बोर्ड यायचे. वीज दिली, दिवा लागला, टर्मिनल कोरं. मग कर्नलच्या आरंभीच्या असेंब्लीत एकेक अक्षर पेरायचं: इथे 'ए', तिथे 'बी', पुढे 'सी'. 'बी' दिसला आणि 'सी' नाही, तर गुन्हा मधल्या ओळींत. भोईवाडा कोर्टात इतका सरळ पुरावा क्वचितच येत असेल. एआरएमच्या बोर्डांवर हे गप्प होणं बरेचदा एमएमयू, म्हणजे मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग, चालू करण्याच्या ओळीपाशी व्हायचं. तोवर आपण पोर्टचा खरा, भौतिक पत्ता वापरत असतो. एमएमयू लागला की तो पत्ता कुणी ओळखत नाही. कर्नल बिचारा ठणठणीत असतो, नुसता चुकीच्या दारावर बोलत असतो. आधीच त्या पोर्टचं मॅपिंग करून ठेवलं की गाडी पुढे सरकते.

टर्मिनलवर नुसता कचरा आला, तर सोबतची नवी मुलं हताश व्हायची. मी चहा मागवायचो. कचरा म्हणजे ट्रान्समिटर चालू आहे, पिन बरोबर आहेत, वेग तेवढा चुकलाय: कर्नलने धरलेलं घड्याळ आणि बोर्डावरचं घड्याळ वेगळं आहे. पंधरा मिनिटांचं काम.

आताच्या लॅपटॉपला नऊ पिनांचं तोंड नाही. बोर्डही ३.३ व्होल्टचे, माझी जुनी केबल त्यांना थेट लावली तर चिप जळेल, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर. कंपन्या विकायच्या मालात हा पोर्ट बंद करतात, कारण कुणीही झाकण उघडून आत शिरेल. पासवर्ड घाला ना! बोलणंच बंद करणं मला पटत नाही. बिघडलेलं यंत्र मग फेकूनच द्यावं लागतं.

भाच्याचा वाय-फाय राउटर सारखा रीस्टार्ट होत होता. आत बोर्डावर चार भोकं एका रांगेत सापडली. व्होल्टेजचं सोडून बाकीची जोडली. कर्नलचा आवृत्ती क्रमांक आला, कोणत्या कंपायलरने बांधला ते आलं, मग ओळींचा लोंढा, आणि फ्लॅश मेमरी वाचताना चूक झाल्याची तक्रार. भाच्याचं लक्ष त्या तक्रारीकडे नव्हतंच.

"मामा, वेग किती ठेवायचा हे तुला कसं कळलं?"

"१,१५,२००. आधी तोच लावून बघायचा. नाही जमलं तर ५७,६००."