साका टाकू नकोस

लूव्हन, रविवार

चि. अनिकेत,

मित्राने ब्रसेल्सहून आणलेल्या ऑर्व्हाल बिअरच्या बाटलीत तळाशी साका दिसला म्हणून तू ती उघडलीच नाहीस, आणि आता टाकून देऊ का असं विचारतोस. टाकू नकोस. तो साका म्हणजे यीस्ट आहे, आणि बनवणाऱ्यांनी ते जाणूनबुजून बाटलीत घातलेलं आहे.

तिकडे भारतात दुकानात मिळणारी बहुतेक बिअर गाळून, पाश्चरायझेशन करून, वरून कार्बन डायऑक्साइड भरून बाटलीबंद केलेली असते. बेल्जियममध्ये जुनी रीत टिकून आहे. बिअर आंबून तयार झाली की तिच्यात थोडी साखर आणि ताजं यीस्ट घालायचं, बाटली बंद करायची आणि काही दिवस उबेला ठेवायची. आतलं यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्येच विरतो. बाटलीत शिरलेला थोडाफार ऑक्सिजनही यीस्ट वापरून टाकतं, त्यामुळे बिअर लवकर शिळी होत नाही. एवढं काम उरकलं की ते तळाशी बसतं. डुव्हेल, वेस्टमाल, शिमे, कुठलीही बाटली उजेडात धर, हा थर दिसेल.

ऑर्व्हालचं प्रकरण याच्याही पुढचं आहे. ती जिथे बनते तो फ्रेंच सीमेलगतचा मठ १७९३ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याने उद्ध्वस्त केला. १९२६ पासून तो पुन्हा उभा राहू लागला आणि बांधकामाला पैसा हवा म्हणून १९३१ मध्ये तिथे ब्रूअरी निघाली. तिथली मंडळी ब्रेटॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्टही वापरतात. नेहमीचं यीस्ट ज्या शर्करांना तोंड लावत नाही, त्या हे महिनोन्‌महिने खात राहतं. म्हणून ताजी ऑर्व्हाल हॉप्सच्या वासाची आणि लख्ख कडू लागते. वर्षभराने तीच कोरडी होते आणि तिला चामड्याचा, वाळल्या गवताचा, तबेल्याचा वास येतो. इथल्या काही कॅफेंत ताजी आणि जुनी अशा दोन्ही मिळतात. मला जुनी आवडते. पण तुझ्या साक्यात ते काम अजून चालू असेल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हा साका सांभाळून ठेवणाऱ्यांनीच बिअर घडवली. एका पिंपातल्या तळाचं किंवा वरच्या फेसातलं यीस्ट काढायचं आणि पुढच्या पिंपात घालायचं, आपण विरजण राखतो तसं. कित्येक पिढ्या हे चाललं आणि त्यातून यीस्ट माणसाळलं. २०१६ साली इथल्या आणि गेंटच्या संशोधकांनी १५७ यीस्टांचे जीनोम तपासले, तेव्हा हे स्पष्ट दिसलं. बिअरच्या अनेक यीस्टांची लैंगिक प्रजननाची क्षमता मोडकळीस आली आहे आणि लवंगेसारखा वास निर्माण करणारी जनुकं निकामी झाली आहेत, कारण बहुतेक ब्रूअरना तो वास नको होता. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट मात्र ती जनुकं राखून आहे, कारण तिथे लोकांना तो हवाच होता. माणसांच्या जिभेची आवडनिवड एका सूक्ष्म जीवाच्या जनुकांत उतरली, हे वाचल्यापासून तळाचा थर मला कचरा वाटूच शकत नाही.

मग नितळ बिअर म्हणजेच चांगली, हे कुठून आलं? पिल्झेनला १८४२ मध्ये सोनेरी लागर निघाली, काचेचे पेले स्वस्त झाले आणि लोक बिअर डोळ्यांनीही पिऊ लागले. १८७८ मध्ये जर्मनीत एन्झिंगर नावाच्या गृहस्थाने बिअर गाळण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये पिंपातली बिअर निवळायला आयसिंग्लास घालायची चाल त्याहूनही जुनी, आणि ते बनतं माशांच्या वाळवलेल्या भोतापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. तुमच्या सातपाटीला घोळ माशाच्या भोताला केवढा भाव येतो ते तुला मी काय सांगणार! भोतातलं कोलॅजेन यीस्टला चिकटतं आणि त्याचे गोळे करून तळाशी नेतं.

साक्याने काही फरक पडत नाही, असं तुला कोणी सांगेल. ते मला अजिबात पटत नाही. फरक पडतो, म्हणूनच तो कुठे प्यायचा आणि कुठे नाही हे कळायला हवं. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरमध्ये शेवटचा घोट बाटलीत घोळवून पेल्यात ओततात, त्याशिवाय ती अपुरी लागते. वेस्टमाल ट्रिपेलमध्ये तोच साका ढवळला तर पावाच्या कच्च्या पिठाची चव वर येते, कडवटपणा वाढतो आणि मागचा नाजूक वास झाकला जातो. ती हळूच ओतावी आणि तळाचं बोटभर सोडून द्यावं. ऑर्व्हालचंही माझ्या मते तसंच.

साका प्यायल्याने अपाय नाही. त्यात ब जीवनसत्त्वं असतात. फार झाला तर पोटात गॅस धरतो, इतकंच. उघडताच बिअर फसफसून बाहेर धावली, जिच्यात आंबटपणा नको तिला व्हिनेगरचा वास आला, किंवा मेलेलं यीस्ट फुटून सोया सॉससारखी चव उतरली, तर मात्र ती बिघडली म्हणून खुशाल ओतून दे. आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावर येणारा पुसट धूसरपणा प्रथिनांचा असतो. बाटली जरा कोमट झाली की तो जातो.

आता तुझ्या बाटलीचं. ती आडवी असेल तर आज उभी कर आणि दोन दिवस हलवू नकोस. पेला तिरपा धरून एकाच धारेत ओत, मध्ये बाटली सरळ केलीस की साका उसळतो. अगदी बर्फगार पिऊ नकोस, बारा-चौदा अंशांना तिचा वास खुलतो. तळाचं उरलेलं लहान ग्लासात वेगळं घे आणि आधी नितळ, मग गढूळ, असं चाखून बघ.

लेबलवर बाटली भरल्याची तारीख छापलेली असते, ती मला कळव. अगदी अलीकडची असेल तर निम्मं वर्ष थांब. पण पालघरच्या उकाड्यात कपाटात ठेवू नकोस, फ्रिजमध्ये उभी ठेव. यीस्टचं काम तिथे फार मंदावेल, पण उष्णतेने बिअर तरी खराब होणार नाही.

तुझी,
सुनंदाआत्या