हिरडीकाठ

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हाताला सूक्ष्म कंप सुटू लागला, आणि केसाएवढ्या बारीक तारेची गाठ दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या पंखाखाली दडवताना ज्या बोटांवर मी पस्तीस वर्षे निःशंकपणे विसंबलो होतो, त्या बोटांना तीच जागा दुसऱ्यांदा, क्वचित तिसऱ्यांदाही, शोधावी लागू लागली. तेव्हा खुर्चीवरील काम मी माझ्याच हाताखाली उमेदवारी केलेल्या तरुण सहकारिणीच्या स्वाधीन केले, आणि मिरजेतील आमच्या दवाखान्यात ज्या कामाला कोणतीच प्रतिष्ठा नव्हती ते स्वतःकडे घेतले. बेसिनजवळ उभे राहून तारा लावलेल्या मुलांना दात घासायला शिकवणे, हे ते काम. इतकी वर्षे ते मदतनीस मुलीकडे असे, आणि ती मुलांना नेमके काय सांगते याची वास्तपुस्तही मी कधी केली नव्हती.

बेसिनपाशी चार महिने काढल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की आमच्या साऱ्या विद्येचा कस एका पट्टीवर लागतो. वरच्या दातांवर ब्रॅकेटची वरची कड आणि हिरडी यांच्या दरम्यान दोन-तीन मिलिमीटरांचे इनॅमल उघडे उरते, तेवढीच ती पट्टी. मूल ब्रश फिरवते तो ब्रॅकेटवर, कारण आरशात चमकते ते ब्रॅकेट आणि ओठाला टोचते तेही ब्रॅकेटच. पट्टी मात्र ओठाच्या सावलीत राहते, आणि ओठ बोटाने वर उचलून ब्रश तिरका धरल्यावाचून त्याचे केस तिथे पोचत नाहीत. मग थर साचतो, हिरडी सुजते, सुजलेली हिरडी खाली उतरून पट्टी अधिकच अरुंद करते, घासताना रक्त येते, ते पाहून आई घाबरून म्हणते, ‘राहू दे बाळ, तिथे नको घासूस,’ आणि जिथे घासणे सर्वांत अगत्याचे तिथलेच घासणे बंद पडते. 1965 साली डेन्मार्कमधील ऑर्‌हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणे थांबवण्यास सांगितले, तेव्हा दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली, आणि घासणे पुन्हा सुरू होताच सुमारे आठवडाभरात ती ओसरली. ही हकीकत मी हल्ली प्रत्येक आईला सांगतो; घासल्यामुळे रक्त येत नाही, न घासल्यामुळे येते, हे तिला पटेपर्यंत मी मुलाला बेसिनपासून हलू देत नाही.

हिरडी क्षमाशील आहे, इनॅमल नाही. थरातल्या जंतूंच्या आम्लाने दाताच्या पृष्ठभागाचा सामू साडेपाचाच्या खाली वारंवार उतरत राहिला की आतील खनिज झिरपून जाऊ लागते, आणि पट्टीवर खडूसारखी निस्तेज, चंद्रकोरीच्या आकाराची शुभ्रता उमटते. ती उमटायला चार आठवडेही पुरे होतात, आणि आम्ही मुलांना पुढची तारीख देतो ती चार ते सहा आठवड्यांनंतरची. शिवाय हा डाग आरंभी फसवा असतो: दात ओला असेतोवर तो दिसत नाही, हवेच्या नळीने काही क्षण वाळवला म्हणजेच दिसतो, आणि ओल्या दातावरही दिसू लागला तर तो खोल गेला असे समजावे. 1982 साली गोरेलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत उपचार घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या निदान एका तरी दातावर असा डाग आढळला होता. सर्वाधिक डाग वरच्या पटाशीच्या बाजूच्या दातांवर होते, तर खालच्या पुढील दातांच्या आतल्या अंगाला, जिथे वर्षानुवर्षे तार चिकटवलेली असूनही लाळेचा ओघ अखंड असतो, तिथे एकही नव्हता. लाळ जिथे पोचत नाही तिथे ब्रश पोचला पाहिजे, एवढाच याचा अर्थ, आणि तो पोचत नाही, एवढेच माझे दुःख.

आपल्या घरांतला शिरस्ताही या पट्टीच्या विरुद्ध आहे. सकाळी उठल्याबरोबर दात घासायचे, त्यानंतर साखरेच्या चहात बिस्किटे बुडवून खायची, आणि ती तशीच ब्रॅकेटांभोवती घेऊन शाळेत जायचे. रात्री जेवणानंतर चूळ भरायची, निजताना साखर घातलेले दूध प्यायचे, आणि लाळ जेव्हा जवळपास आटते त्या झोपेच्या सात-आठ तासांच्या स्वाधीन दात करायचे. मी आता आयांना एकच विनवणी करतो: सकाळचे घासणे घाईत उरकले तरी चालेल, परंतु रात्री दूध पिऊन झाल्यावरचे घासणे चुकू देऊ नका. संक्रांतीच्या सुमारास तिळगुळाने तुटलेली ब्रॅकेटे घेऊन मुले येतात, तेव्हा त्यांना रागावणे आम्हाला सोपे जाते. तुटलेले ब्रॅकेट दिसते, झिजणारे इनॅमल दिसत नाही.

माझ्या गुरूंच्या उमेदीच्या काळी प्रत्येक दाताला पोलादी बँड बसवून सिमेंटने पक्का करीत, आणि सिमेंट विरघळून बँड सैल झाला की आतला दात कोणाच्या नकळत कुजे. 1955 साली ब्युओनोकोर यांनी इनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून त्यावर राळ घट्ट चिकटवता येते असे दाखवले, त्यातूनच पुढे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याची सोय निघाली, आणि दाताचा बहुतेक भाग ब्रशला मोकळा झाला. या सोयीचे आमच्या पिढीने चीज केले असे मला वाटत नाही. आज सहा महिन्यांत दात सरळ करून देण्याच्या जाहिराती लागतात, आणि काढता-घालता येणारे पारदर्शक साचे ‘स्वच्छतेची चिंताच नाही’ या भरवशावर विकले जातात. साचा काढून दात नीट घासता येतात हे खरेच, पण तोच साचा दातांवर चढवलेला असताना मुलाने सरबत प्यायले तर ते सरबत दातांशी कोंडले जाते आणि लाळेला तिथे वाट उरत नाही, हे विकताना कोणी सांगत नाही. संगणकावर दातांचे सरकणे पाहण्यात रमलेल्या माझ्या तरुण व्यवसायबंधूंपैकी किती जण बेसिनपाशी उभे राहतात, असा जाब मला विचारावासा वाटतो. पण तो विचारण्याचा अधिकार मला नाही, कारण मीही उभा राहिलो नव्हतो.

चोवीस वर्षांपूर्वी तेरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे होती. वरचे सुळे हिरडीत उंच अडकलेले, पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले, आणि अशा तोंडातून मी जी रांग उभी केली तीहून सुरेख काम माझ्या हातून पुढे झाले असे मी आजही म्हणणार नाही. मधल्या काळात तिच्या हिरड्या सुजल्या होत्या. अशा वेळी तारा उतरवून दोन-तीन महिने थांबणे, प्रसंगी ब्रॅकेटेच काढून टाकणे, हा योग्य इलाज असतो हे मला ठाऊक होते. परंतु दंतवैद्यांच्या अधिवेशनाची तारीख जवळ आली होती, मला ते काम पूर्ण झालेले दाखवायचे होते, आणि अर्धवट थांबणे मला पराभवासारखे वाटत होते. ब्रॅकेटे काढली त्या दिवशी दोन्ही सुळ्यांवर आणि बाजूच्या दोन दातांवर चार पांढऱ्या कोरी होत्या. मी तिला चूळ भरायला लावली, दात ओले असतानाच छायाचित्र घेतले, आणि ते पडद्यावर दाखवले तेव्हा सभागृहाने केलेली वाहवा मी मान झुकवून स्वीकारली. तिच्या आईला मात्र मी म्हणालो होतो, ‘हिने नीट घासले असते तर हे झाले नसते.’

यंदाच्या दिवाळीनंतर माझ्या सहकारिणीने एका मुलाची मी पूर्वी लावलेली ब्रॅकेटे तपासताना भिंगे डोळ्यांवर चढवली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘सर, तुम्हीच बघा.’ भिंगातून पाहिले तेव्हा ब्रॅकेटच्या वरच्या कडेखालून बाहेर आलेले कंपोझिट, खरवडून काढावयाचे राहून गेलेले, हिरडीकडच्या अंगाला खडबडीत ओठासारखे उभे होते, आणि थर धरून बसला होता तो नेमका त्याच खडबडीवर. तशी कड दहापैकी सहा दातांवर होती. जुनी दप्तरे काढून मी जपून ठेवलेले साचे आणि छायाचित्रे पाहत बसलो. हाताला कंप सुटण्याच्या पुष्कळ आधीपासून ती कड तिथे होती. आमच्या दवाखान्यापासून फार दूर नसलेल्या घरांत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर बसतात. तार कितीही उत्तम असली तरी ती घोडीच्या पाठीला जिथे स्पर्श करते तेवढी जागा कानसेने घासून साधली नाही तर स्वर उमलत नाही, हे ते जाणतात. मी जन्मभर तारेचाच विचार केला.

चोवीस वर्षांपूर्वीची ती मुलगी या मार्गशीर्षात आली, आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन. तिचे दात अजून सरळ होते. मी तिला खुर्चीत बसवले आणि वरच्या दातांवर हवेची नळी धरली. चारही कोरी, काहीशा फिकट झालेल्या, पण जागच्या जागी होत्या. तिला मी सारे सांगितले: थांबायला हवे होते ते, ओल्या छायाचित्राचे, आणि हेही की तिच्या त्या दातांवर माझ्या हाताची खडबडीत कड राहिली नसेलच असे मी म्हणू शकत नाही. ती थोडा वेळ स्तब्ध राहिली. मग म्हणाली, ‘डॉक्टर, आईने वर्षभर रोज मला त्यावरून बोल लावला. मला अजून हसताना ओठ खाली ओढायची सवय आहे.’

यावर मला काही उत्तर देता आले नाही.

तिच्या मुलाला ब्रॅकेटे गेल्या मंगळवारी लावली. लावली सहकारिणीने, पण प्रकाश देऊन कंपोझिट पक्के होण्यापूर्वी मी तिच्याकडून भिंगे मागून घेतली, डाव्या हाताने उजवे मनगट धरले, आणि प्रोबचे टोक प्रत्येक दाताच्या हिरडीकडच्या कडेवरून फिरवले. वीस ब्रॅकेटांना पाऊण तास लागला. त्यानंतर मुलाला बेसिनकडे नेले आणि म्हटले, ‘ओठ वर उचल. आता मला ती पट्टी दाखव.’