मातीच्या घराचं वर्ष

रायपूर

चि. मुक्ता,


छत्तीसगडच्या मैदानातलं मातीचं घर बांधायला घेताना पहिली निवड मातीची असते. इथला शेतकरी जमिनीचे चार प्रकार ओळखतो: काळी चिकण कन्हार, पिवळसर मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा आणि मुरमाड भाठा. कन्हार पाण्यानं फुगते आणि वाळताना तडकते, म्हणून भिंतीला मटासी बरी. तिच्यात भाताचा पेंढा, इथल्या बोलीत पैरा, घालून ती पायांनी तुडवतात, मुरू देतात आणि हातानं थरावर थर चढवतात. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा घालता येत नाही. भिंतीची गती ऊन ठरवतं, गवंडी नाही.

अशी हातभर जाड भिंत उन्हाळ्यात कामाला येते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. दिवसाची झळ भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर घरची माणसं अंगणात किंवा परछीत झोपायला गेलेली असतात. परछी म्हणजे आपली पडवी. तिचं छप्पर मुद्दाम खाली उतरवलेलं असतं. त्यानं ऊन अडतं आणि पावसाच्या झडीपासून भिंतीचा पाया वाचतो. वर बांबू आणि लाकडाच्या सांगाड्यावर कुंभारानं घडवलेला खपरा, म्हणजे नळीची कौलं. माकडं, वारा आणि मांजरं ती दरवर्षी सरकवतात, म्हणून पावसाच्या तोंडावर घर शाकारावं लागतं.

दरवर्षी करावं लागणारं हे काम म्हणजेच या घराची कला. सिमेंटचं घर बांधून संपतं. मातीचं घर दरवर्षी थोडं थोडं पुन्हा घडतं, आणि बहुतेक बायकांच्या हातून. पावसाळ्यात खरवडलेली भिंत दिवाळीआधी लिंपतात, तिच्यावर छुही या पांढऱ्या मातीचा हात फिरवतात, खाली रंगीत मातीचा पट्टा ओढतात. जमीन शेणानं सारवतात आणि सारवताना बोटांच्या अर्धवर्तुळाकार रेघा तशाच राहू देतात. हरेलीला, म्हणजे आपल्याकडच्या दिव्यांच्या अवसेला, दारावर कडुलिंबाचा डहाळा खोचला जातो. श्रावणात बाहेरच्या भिंतीवर शेणानं माणसांच्या नि जनावरांच्या आकृती काढतात. रोगराई आणि वाईट नजर घराबाहेर राहावी, हा त्यामागचा भाव. या चित्राला सवनाही म्हणतात. पुढच्या लिंपणाखाली ते झाकलं जातं आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण हात शाबूत असतो.

हा हात कुठवर जाऊ शकतो, ते सरगुजा जिल्ह्यातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांनी दाखवलं. लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांना घराबाहेर फारसं पडता आलं नाही. मुलाला खेळायला म्हणून त्यांनी मातीची खेळणी घडवली. मग भिंतींवर पक्षी, जनावरं, नाचणारी माणसं उठावात उमटू लागली. त्यांचं सर्वांत अस्सल काम म्हणजे जाळी. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांची कडी बांधायची, त्यांवर माती चढवायची आणि पोकळ्यांत पाखरं बसवायची. त्या जाळीतून अंगणातली तिरीप गाळून आत येते आणि वारा अडत नाही. इथे सजावट आणि सोय वेगळी काढताच येत नाही. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राच्या शोधपथकाला हे घर सापडलं आणि १९८३ साली सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००७ साली त्या गेल्या. रजवार भित्तिचित्र या नावानं ते काम आज अनेक जण करतात.

महाराष्ट्रात याला जवळचं उदाहरण सेवाग्रामच्या बापू कुटीचं. तिथल्या मातीच्या भिंतीवर गांधीजींची शिष्या मीराबेन हिनं ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढले आहेत. इंग्लंडहून आलेल्या त्या बाईलाही ओली भिंत समोर दिसल्यावर तिच्यावर बोटं फिरवावीशी वाटली, हे मनाला फार भिडतं.

नव्या रायपूरजवळच्या पुरखौती मुक्तांगणात छत्तीसगडचं हे लोकशिल्प पाहायला मिळतं. २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मुक्तांगण पाहण्यासारखं आहे, पण राहत्या घराची जागा ते घेऊ शकत नाही.

राहती मातीची घरं मात्र कमी होत आहेत. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण कुटुंबाला पक्क्या घरासाठी मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. लोक पक्कं घर मागतात ते योग्यच आहे. वाळवी, विंचू, गळती आणि बायकांचं दरवर्षी मोडणारं कंबरडं यांची किंमत कौतुक करणाऱ्या पाहुण्याला मोजावी लागत नाही. पण पत्रा आणि सिमेंटच्या छपराखालची खोली एप्रिलपासून तापते, आणि योजनेच्या नकाशात परछी बहुधा नसते. म्हणून पुष्कळ गावांत पुढे पक्की खोली आणि मागे जुनं मातीचं स्वयंपाकघर, गुरांचा गोठा आणि धानाची कोठी अशी जोडणी दिसते. दुपारी माणसं मागच्या बाजूला बसतात, आणि दिवाळीचं लिंपणही तिथेच होतं.

तुझा,
आनंदमामा