तीन थैल्या आणि एक बेट

प्रवासाची गोष्ट निघाली म्हणजे लोक पहिल्यानें विचारतात, "कोठें जाणार?" आणि लगेच पुढें विचारतात, "खर्च किती येणार?" "बरोबर कोण आहे?" हा प्रश्न बहुधा शेवटीं येतो, किंवा येतच नाहीं. वास्तविक पाहतां पहिल्या दोन प्रश्नांचीं खरीं उत्तरें या तिसऱ्या प्रश्नांतच दडलेलीं असतात. एका दूरच्या चिमुकल्या बेटाची सफर कागदावर आंखतांना हें आमच्या वर्गाला व आम्हांला उमगलें. ती हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमच्या शाळेंत एकाच बांकावर बसून शिकलेले तिघे मित्र हल्लीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं राहतात. एक अद्याप शिकत आहे व संध्याकाळीं एका दुकानांत काम करून आपला खर्च भागवितो. दुसरा एका कचेरींत हिशेबनीस आहे. तिसऱ्यानें स्वतःचा व्यवसाय थाटला असून देवाच्या कृपेनें त्याचें उत्तम चाललें आहे. पैकीं पहिल्याचें आम्हांस पत्र आलें. मे महिन्यांत पांच दिवस बार्बेडोस बेटावर जावें असें तिघांच्या मनांत होतें. परंतु तिघांच्या थैल्या तीन मापांच्या! "सर, भूगोल आणि अंकगणित हे दोन्ही विषय आपणच आम्हांला शिकविलेत, तेव्हां हें गणितहि आपणच सोडवून द्यावें," असें त्यानें लिहिलें होतें. या विनोदाच्या आड थोडा संकोच होता, तो आम्हांस दिसला. आम्हीं तें पत्र, नांवें वगळून, नववीच्या वर्गापुढें ठेविलें.

बार्बेडोस हें नांव मुलांस नवीन नव्हतें. २९ जून २०२४ रोजीं तेथील केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर रोहित शर्मा यांच्या संघानें दक्षिण आफ्रिकेचा सात धावांनीं पराभव करून वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, हें कोणास ठाऊक नाहीं? पण बेट नकाशावर दाखवा म्हणतांच पुष्कळांचीं बोटें समुद्रांत भटकूं लागलीं. कॅरिबियन बेटांची जी कमानीसारखी रांग आहे, तिच्याहि पूर्वेस हें बेट एकटें उभें आहे. लांबी ३४ किलोमीटर, रुंदी २३. क्षेत्रफळ सुमारें ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बृहन्मुंबईएवढें. लोकवस्ती मात्र तीन लाखांहूनहि कमी. बहुतेक जमीन प्रवाळापासून झालेल्या चुनखडीची आहे. तिच्यांतून पावसाचें पाणी गाळलें जाऊन खालीं सांठतें, म्हणून तेथील नळाचें पाणी निर्धास्तपणें प्यावें. पश्चिमेचा समुद्र तळ्यासारखा शांत, तर पूर्वेचा सदा खवळलेला. बाथशीबा येथें लाटा पाहाव्या, पोहूं नये. १६२७ सालीं इंग्रजांनीं येथें वसाहत केली. ३० नोव्हेंबर १९६६ रोजीं देश स्वतंत्र झाला आणि २०२१ सालीं त्याच तारखेस तो प्रजासत्ताक झाला.

प्रथम आम्हीं तिन्ही थैल्यांस सारख्याच लागू असलेल्या गोष्टी मांडल्या. टोरोंटोहून बेटावर थेट विमान जातें. प्रवास सुमारें पांच तासांचा. आपल्या देशांतून थेट विमान नाहीं. लंडन किंवा अमेरिकेवरून जावें लागतें, आणि वाटेवरील देशाच्या परवान्याची तजवीज आधीं करावी लागते. बार्बेडोसमध्यें थोडे दिवस राहण्यास मात्र भारतीय पारपत्र असलेल्यास व्हिसा लागत नाहीं. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत थंड देशांतील पाहुण्यांची गर्दी, म्हणून भाव चढे. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. तेव्हां भाव उतरलेले आणि वादळें अजून दूर, असा मे महिना तिघांनीं निवडला हें शहाणपणाचें. तेथील दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. हा दर १९७५ पासून बांधलेला असल्यामुळें हिशेब सोपा. तेथें सैनिकी ठिपक्यांचे कपडे नागरिकांनीं घालणें हा गुन्हा आहे. लहान मुलांनाहि त्यांतून सूट नाहीं. किनाऱ्यावर मँचिनील नांवाचें झाड असतें. पुष्कळदां त्याच्या बुंध्यावर तांबड्या पट्ट्याची खूण केलेली असते. त्याचें फळ खाऊं नये व पावसांत त्याखालीं उभें राहूं नये, कारण त्याचा चीक विषारी आहे. कायदा आणि विष हीं दोन्ही थैलीचा आकार पाहत नाहींत!

मग वर्गाच्या तीन तुकड्या करून प्रत्येकीस एक थैली दिली. विमानभाडें वगळून दर दिवसाचा खर्च अमेरिकन डॉलरांत धरला. भाव हंगामाप्रमाणें हालतात. म्हणून हे आंकडे वर्गाच्या अंदाजाचे समजावे.

पहिल्या थैलींत रोजचे ९० डॉलर. दक्षिण किनाऱ्यावरील साध्या पाहुणघरांतील खोलीस ५५, जेवणास २२, बसला ७, अडीअडचणीस ६. या तुकडीनें मोठ्या हुशारीनें माहिती जमविली. बसचें भाडें २०१९ सालीं साडेतीन स्थानिक डॉलर ठरलें, आणि तें अंतर कितीहि असलें तरी तेवढेंच. म्हणजे ७ अमेरिकन डॉलरांत चार वेळां बेटाच्या कोणत्याहि टोंकास जातां येतें. निळ्या बसगाड्या सरकारी. पिवळ्या गाड्या व तांबूस पट्ट्याच्या पांढऱ्या लहान गाड्या खाजगी. किनारे सर्वांस मोकळे. कार्लाइल उपसागरांत कांठावरून पोहत जाऊन समुद्री कांसवें पाहण्यास कोणी पैसे मागत नाहीं. ऑइस्टिन्स येथील मासळीबाजारांत शुक्रवारीं रात्रीं ताजे मासे भाजून व तळून देतात. तेथें बेटावरचे लोकहि जेवावयास येतात. मक्याचें पीठ व भेंडी घोटून केलेलें कूकू आणि त्याबरोबर उडणारा मासा, हें तेथील राष्ट्रीय अन्न. शिवाय 'रोटी'! त्रिनिदाद व गयाना येथें उंसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या मजुरांची ही देणगी शेजारच्या या बेटावरहि पोंचली आहे.

दुसऱ्या थैलींत रोजचे २५० डॉलर. स्वयंपाकघर असलेल्या बिऱ्हाडास १५०, जेवणास ५०, वाहनास २०, व हॅरिसन्स गुहेसारख्या एखाद्या प्रेक्षणीय स्थळास ३०. तिसऱ्या थैलींत रोजचे १,२०० डॉलर. पश्चिम किनाऱ्यावरील उंची हॉटेलास ९००, जेवणास २००, मोटारीस १००. तेथें अशींहि हॉटेलें आहेत कीं, ऐन हंगामांत एका रात्रीला एवढ्यानेंहि भागत नाहीं. एका मुलानें हिशेब करून सांगितलें कीं, तिसऱ्याचा खर्च दर तासाला ५० डॉलर पडतो. तेव्हां पहिल्याचे पांच दिवसांचे ४५० डॉलर तिसऱ्याकडे नऊ तासांतच संपतील. वर्ग हंसला आणि मग गप्प झाला.

तिन्ही कागद फळ्यावर शेजारीं शेजारीं लाविले. प्रत्येक योजना आपापल्या परी निर्दोष होती. तोंच मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "पण सर, हे तिघे एकमेकांना भेटणार कधीं?" आम्हीं पुन्हा कागदांकडे पाहिलें. एक दक्षिणेस, दुसरा मध्यें, तिसरा पश्चिमेस. एक बसमध्यें, एक मोटारींत. एकाची पंगत बाजारांत, एकाची हॉटेलच्या सज्जांत. आमच्या निर्दोष योजनेप्रमाणें हे बाळमित्र फक्त विमानतळावर भेटणार होते! खर्चाचा मेळ बसला होता, पण सफर बुडाली होती.

म्हणून चौथा कागद घेतला. वादविवाद पुष्कळ झाला. कोणी म्हणाला, श्रीमंतानें सगळ्यांचा खर्च करावा. त्यावर दुसऱ्यानें उत्तर दिलें, "मग मी असतों तर गेलोंच नसतों." या उत्तरांत त्या पत्रांतला संकोच आम्हांस पुन्हा ऐकूं आला. अखेरीस वर्गानें एक नियम बसविला, तो असा. खर्च दोन जातींचे असतात. माणूस वाढला म्हणून ज्याची किंमत वाढत नाहीं, असा एक. जसें घराचें भाडें, मोटारीचें भाडें. माणशीं मोजावा लागतो तो दुसरा. जसें जेवण, तिकीट. पहिल्या जातीचा खर्च ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें वांटून घ्यावा. दुसऱ्या जातीचा ज्याचा त्यानें करावा, पण त्याचें माप सर्वांत लहान थैलीवरून ठरवावें. तीन खोल्यांचें घर दक्षिण किनाऱ्यावर रोज ३०० डॉलरांस मिळेल असें धरून पहिल्यानें ५०, दुसऱ्यानें १०० व तिसऱ्यानें १५० द्यावे. एक दिवस मोटार लागेल ती तिसऱ्यानें घ्यावी. तो एकटा बसला असता तरी भाडें तेवढेंच पडलें असतें. रोजचें जेवण ऑइस्टिन्सला किंवा घरीं शिजवून. कोणाला ओशाळें व्हावयास नको, आणि कोणाला उपकारकर्ता म्हणून मिरवावयासहि नको.

या योजनेचा आणखी एक गुण नंतर ध्यानांत आला. मोठीं हॉटेलें हजारों लोकांस काम देतात, त्यांची निंदा करणें योग्य नव्हे. परंतु पाहुणघराच्या मालकिणीस, मासे भाजणाऱ्या बाईस, बसवाल्यास दिलेला पैसा सरळ बेटावरील चुलीपर्यंत पोंचतो. १ जुलै २०२४ रोजीं बेरिल वादळाच्या लाटांनीं दक्षिण किनाऱ्यावरील कोळ्यांच्या पुष्कळ नौका फोडल्या. त्याच वादळानें आपल्या विजयी संघासहि कांहीं दिवस तेथें अडकवून ठेविलें होतें. खेळाडू पुढें परत आले. फुटलेल्या नौकेचा धनी मात्र किनाऱ्यावरच राहिला. अशा माणसाकडची मासळी घेणें हें दान नव्हे, व्यवहारच. पण तो चांगला व्यवहार आहे.

चौथ्या दिवसासाठीं आम्हीं स्वतः एक ठिकाण सुचविलें: सेंट जॉन परगण्यांतील कॉड्रिंग्टन कॉलेज. उंच ताडवृक्षांची रांग, कमळांचें तळें, आणि खालीं अटलांटिकचा विस्तार. स्थळ फार रमणीय आहे. १७१० सालीं वारलेल्या ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन यांनीं आपले दोन उंसाचे मळे 'सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल' या सुवार्ताप्रसारक संस्थेस मृत्युपत्रानें दिले. मळ्यांबरोबर गुलामहि आले. आणि ते कोणाचे हें ओळखूं यावें म्हणून त्यांच्या छातीवर तापल्या लोखंडानें 'सोसायटी' हा शब्द डागण्यांत येत असे. ख्रिस्ती शाळेच्या वार्षिकांत हें लिहितांना लेखणी जड होते. परंतु जें खरें तें मुलांपासून लपविणें ही सुवार्तेची सेवा नव्हे. फेब्रुवारी २००६ मध्यें इंग्लंडच्या मंडळीच्या महासभेनें या पापाबद्दल क्षमा मागितली. प्रवाशाच्या थैलीचा हिशेब आपण करतों, पण या सुंदर स्थळाची किंमत कोणाच्या थैलींतून, कोणाच्या पाठीवरून चुकती झाली, तोहि हिशेब पाहावा.

त्याच बेटावर सारा अॅन गिल ही बाई होऊन गेली. १८२३ सालीं ब्रिजटाउन येथील मेथडिस्ट मंदिर गोऱ्या जमावानें पाडलें व मिशनरीस पळ काढावा लागला. तेव्हां या संमिश्र वंशाच्या, गुलाम नसलेल्या बाईनें धमक्या व खटले सोसून आपल्या घरांत उपासना चालू ठेविली. १९९८ सालीं तिला त्या देशानें राष्ट्रवीरांत स्थान दिलें. तिच्याजवळ कॉड्रिंग्टनचे मळे नव्हते. एक घर होतें, त्याचें दार तिनें उघडें ठेविलें. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मुलांस रविवारच्या शाळेंत शिकवावी लागते; येथें ती विटामातींत दिसते.

आणि क्रिकेटचे भक्त केव्ह हिल येथें जावोत. तेथें फ्रँक वॉरेल यांची कबर आहे. १९६२ सालीं याच बेटावर आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यास चेंडू लागून त्यांचे प्राण संकटांत आले, तेव्हां प्रतिपक्षाच्या या कर्णधारानें त्यांच्यासाठीं आपलें रक्त दिलें. तें देतांना त्यांनीं कोणत्या थैलींतून काढलें असेल?

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. दरवर्षीं शाळेची सहल ठरते, आणि दरवर्षीं दोनचार मुलें पोट दुखतें किंवा घरीं पाहुणे आहेत असें सांगून मागें राहतात. त्यांचें पोट दुखत नसतें. सहलीचा खर्च ठरवितांना वर्गांतील सर्वांत लहान थैली आधीं विचारांत घ्यावी. गाडीभाड्यासारखा जो खर्च सर्वांस मिळून एकच पडतो, त्याचा भार ज्यास झेपतो त्यानें गाजावाजा न करतां थोडा अधिक उचलावा. आणि खाऊसाठीं प्रत्येक मुलाजवळ किती पैसे द्यावे, त्याची एकच मर्यादा सर्व घरांनीं पाळावी. मुलांनो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां सातासमुद्रांपलीकडे जाल, कोणी तालुक्याच्या गांवापलीकडे जाणार नाहीं. कोठेंहि जा, निघण्यापूर्वीं आपल्या बांकावरचा सोबती मागें तर राहिला नाहीं ना, एवढें वळून पाहत जा.