आठ दिवसांचं माहेर

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. माझं झालं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, 2018 च्या नोव्हेंबरात. आई यायची होती, पण नेमकी तेव्हाच आजी पडली आणि अंथरुणाला खिळली. तिला सोडून आई येणार कशी? मीच फोनवर म्हटलं, "तू नको येऊस गं. इथे सगळी सोय असते." वाक्य तोऱ्यात टाकलं आणि फोन ठेवून ढसाढसा रडले.

सोय मात्र खरंच असते! सकाळी मुलगी झाली आणि संध्याकाळी आम्ही घरी. सगळं सुरळीत असेल तर इथे हॉस्पिटलात ठेवूनच घेत नाहीत. आईने विचारलं, "हाकललं की काय तुम्हाला?"

पण मग आठवडाभर रोज काही तास एक प्रशिक्षित बाई घरी येते. याला 'क्रामझोर्ख' म्हणतात. आरोग्यविम्यातच ते बसतं, आपण तासाला थोडे युरो भरायचे. आमच्याकडे आली ती पन्नाशीची, धिप्पाड आणि हसरी. माझा ताप, टाके, बाळाचं वजन, शी-शू सगळं वहीत लिहायची. अंघोळ कशी घालायची, पाजायला कसं घ्यायचं ते शिकवायची. वर बाथरूम घासायची, मला जेवायला वाढायची. पाळण्यात गरम पाण्याची धातूची बाटली ठेवायची आणि खिडकी मात्र सताड उघडायची. नोव्हेंबरात!

संध्याकाळी आईची उलटतपासणी. "तेल लावलं का तिने? शेक दिला? तू कान बांधलेस ना?" सगळ्याला उत्तर 'नाही'. मग पलीकडे शांतता. ती तेलाबद्दल नव्हती, हे मला कळत होतं. पण मी तरी काय बोलणार?

त्यात नावाचा घोळ. इथे जन्माची नोंद तीन दिवसांत करावी लागते, नावासकट. आणि आपलं बारसं बाराव्या दिवशी! शेवटी दुसऱ्या रात्री नवऱ्याने बहिणीला फोन लावला, मोबाइल लेकीच्या कानाशी धरला आणि आत्याने नाव कुजबुजलं. (स्पीकर चालू होता, त्यामुळे अख्ख्या घराने ऐकलं.) सकाळी तो महापालिकेत जाऊन आला. मानपान राहिला, सरकारही खूश.

चौथ्या दिवशी बाईंनी मला टोस्टसारख्या गोल कुरकुरीत बिस्किटावर लोणी लावून वर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या पसरून दिल्या. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळ्या. नाव 'उंदरं', कारण गोळीला बारीक शेपटी असते. आत असते बडीशेपेसारखी एक शेप, साखरेत घोळलेली. "दूध येतं याने, अशी जुनी समजूत आहे," त्या म्हणाल्या. मी आईला सांगितलं.

"अगं, म्हणजे बाळंतशोपाच की!" आई पहिल्यांदाच खुलली. "शहाणी आहे हो बाई." त्या दिवसापासून तेलाची चौकशी बंद.

आठव्या दिवशी बाईंनी वही पूर्ण केली, स्वतःचा कप विसळून ठेवला आणि लेकीच्या टोपीवरून हात फिरवला. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. माहेराहून निघताना मुली रडतात. इथे माहेरच सायकलवर बसून निघून गेलं होतं.

रात्री आईला हे सांगावं की नाही, कळेना. तिला वाईट वाटेल... पण सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"रडलीस ना? मग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुला आता कुणी लागतच नाही."

'इथे सगळी सोय असते.' माझं ते वाक्य तिने इतके दिवस मनात ठेवलं होतं. मी म्हटलं, "आई, तूच हवी होतीस गं." हेच आधी म्हणाले असते तर? यायला तर तिला तेव्हाही जमलं नसतं. पण निदान आम्ही दोघी एकाच वेळी रडलो असतो.

आई आली ती लेक दहा महिन्यांची झाल्यावर. बॅगेत बाळंतशोपा होत्याच.