एकच किल्ली सगळ्या कुलपांना नको



घरात चोर शिरला तर तुटलेलं कुलूप दिसतं. पासवर्ड चोरीला गेला तर काहीच दिसत नाही.

माझ्या जाऊबाईंना मध्यंतरी एका ऑनलाइन दुकानाकडून कळवलं गेलं, की तिथली ग्राहकांची माहिती चोरीला गेली आहे. त्या म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी दोन साड्या घेतल्या होत्या. त्यात चोराला काय मिळणार?" पण तोच पासवर्ड त्यांच्या ईमेललाही होता. आणि त्या ईमेलवर काय नव्हतं? खाकऱ्याच्या ऑर्डरी, बँकेची पत्रं, सासूबाईंचे तपासणीचे रिपोर्ट!

चोराला साड्यांशी घेणं नसतं. त्याला हवी असते ईमेल आणि पासवर्डची जोडी. ती तो दहा ठिकाणी लावून बघतो, तेही हाताने नाही, प्रोग्रामने. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून चोरी झाली, तेव्हा सुमारे ६५ लाख पासवर्ड गेल्याचं समोर आलं. २०१६ मध्ये त्याच चोरीतल्या सुमारे ११.७ कोटी जोड्या विक्रीला आल्या. म्हणजे चार वर्षांनंतरही चोरीचा माल बाजारात होता. म्हणून 'जुनी गोष्ट आहे' म्हणून सोडून देऊ नका.

जाऊबाई आणि मी एका दुपारी बसून सगळं आवरलं. क्रम असा ठेवा:

आधी ईमेल. कारण बाकी सगळे पासवर्ड तिच्यावरूनच बदलता येतात. पासवर्ड बदला, इतर सगळ्या फोन-कॉम्प्युटरवरून लॉगआउट करा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर आपलाच आहे ना, ते पाहा. मग दुहेरी पडताळणी सुरू करा. म्हणजे पासवर्ड कळला तरी दुसरा कोड लागतोच.

मग बँक, आणि नंतर तोच पासवर्ड असलेली बाकीची खाती. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तर तो लांबही होतो आणि लक्षातही राहतो. मुलांची नावं, जन्मतारीख नको. वहीत लिहून कपाटात ठेवलात तरी चालेल, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका.

वापरात नसलेली खाती बंद करा. नको त्या डब्यांनी फळी कशाला अडवायची?

आपली ईमेल कोणत्या चोरीत सापडली आहे का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर मोफत कळतं. ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे फक्त ईमेल पत्ता टाकायचा.

आणि एक सांभाळा. चोरीनंतर आपलं नाव, पत्ता, जुनी ऑर्डर अचूक सांगणारे फोन येतात. माहिती खरी आहे म्हणून माणूस खरा ठरत नाही. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आलेल्या लिंकवरून पासवर्ड बदलायचा नाही. ॲप स्वतः उघडायचं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

आपलं झालं की सासूबाईंचा आणि आईचा फोनही हातात घ्या. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.